स्लॅबवरचं तळं

"अहो, तुम्ही भिंतीत उभ्या आहात!"

चिमीने दचकून मागे पाहिलं. भिंत कुठेच नव्हती. होतं ते नुसतं रिकामं मैदान, गुडघाभर गवत... आणि त्या गवतातून कागदाची भलीमोठी गुंडाळी सावरत येणारा एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस.

"कुठली भिंत?"

"पूर्वेची. दोन पावलं इकडे सरकलात तर खिडकीत याल."

बाई गं... डोकं ठिकाणावर आहे ना याचं? पण त्याचे डोळे असे काही चमकत होते, की ती खरंच दोन पावलं सरकली.

"आता?"

"आता छान दिसताय," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... खिडकी. खिडकी छान दिसतेय."

चिमी खळखळून हसली. तो बांधकाम खात्याचा आर्किटेक्ट निघाला. या मैदानावर अग्निशमन दलाचं नवं केंद्र उभं राहायचं होतं आणि त्याचे नकाशे त्याने काढले होते. "आणि तुम्ही?" त्याने विचारलं.

"मी टेंडर भरणार आहे. त्याआधी जागा पाहायला आले."

त्याने झटकन गुंडाळी छातीशी धरली. "मग टेंडर उघडेपर्यंत मी तुमच्याशी एक अक्षर बोलायचं नाही!"

"मी कुठे काय विचारलं? तुम्हीच मला भिंतीतून बाहेर काढलंत."

तो हसत हसत निघून गेला. जाताना दोनदा वळून पाहिलं त्याने. तिने मोजलं नव्हतं हो... पण दिसलं.

चिमीचे बाबा छोटे कंत्राटदार. आयुष्यभर कुंपणाच्या भिंती बांधल्या, शाळांच्या खोल्या दुरुस्त केल्या. गुडघ्यांनी दगा दिला तसा धंदा इंजिनियर झालेल्या लेकीच्या गळ्यात पडला. सरकारी इमारत म्हटली की ती गावातला बडा कंत्राटदार, शेठच बांधणार, हे गावात सगळे धरूनच चालायचे. त्यामुळे बंद पाकिटं उघडली आणि काम चिमीला मिळालं, तेव्हा शेठने चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पोरीच्या हातचा स्लॅब! बंबाच्या पहिल्या घंटेलाच खाली येतोय बघा."

काम सुरू झालं, आणि देखरेखीला आला तोच — नकाशेवाला. मजुरांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. आता तो बोलायला मोकळा होता, पण बोलायचा ते असं —

"हा खांब पाडा."

"काय?"

"पोकळ्या राहिल्यात आत. पाडा आणि नव्याने घाला."

चिमीचा तिळपापड झाला. "देवाने तुम्हाला इतके तीक्ष्ण डोळे कशाला दिले हो?"

"नाहीतर तुमचा राग कसा दिसला असता?" तो शांतपणे म्हणाला. "नाकाच्या शेंड्यावर असतो. सुरेख दिसतो."

ती पाठ फिरवून तरातरा चालू लागली. मुकादमकाकांना मात्र तिचं हसू दिसलं. खांब पाडला, नवा घातला, आणि तो खरंच काचेसारखा गुळगुळीत आला. त्या दिवशी नकाशेवाला त्या खांबावरून हळूच हात फिरवत राहिला... आणि चिमीच्या अंगावर उगाचच शहारा आला.

सगळ्यात अवघड होता तळमजल्याच्या दालनावरचा स्लॅब. एवढं मोठं दालन, आणि मध्ये एकही खांब नाही. घंटा वाजली की सगळे बंब एकाच वेळी, एकमेकांना न अडता बाहेर पडले पाहिजेत, हा त्याचा हट्ट. तो स्लॅब चिमीने डोळ्यांत तेल घालून ओतून घेतला. संध्याकाळी ओल्या गोणपाटांचा गार वास सुटला होता. दोघं जिन्याच्या टोकाशी उभे होते.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," तो म्हणाला. "पण आज नाही. माझी सही तुमच्या कामावर चालते, तोवर नाही."

"आणि मला ऐकायचंच नसेल तर?"

"तर..." तो गडबडला. "ऐकायचं नाहीये?"

"सही संपली की विचारा," असं म्हणून ती जिना उतरली. शेवटच्या पायऱ्या तर तिने चक्क उड्या मारत उतरल्या.

आणि दृष्ट लागावी तसं झालं. शेठने तक्रार ठोकली. पोरीने स्लॅबमध्ये लोखंड कमी घातलं, आणि आर्किटेक्ट तिच्यावर भाळलाय म्हणून त्याने डोळेझाक केली! चौकशी लागली. नकाशेवाल्याला कामावरून बाजूला केलं, साइटवर पाऊल टाकायची बंदी घातली. खात्याच्या मोठ्या साहेबांनी चिमीला बोलावून घेतलं.

"हे बघा, उगाच ताणू नका," साहेब म्हणाले. "दालनाच्या मध्ये दोन खांब घाला. स्लॅबला आधार मिळेल, तक्रारही मिटेल. नाहीतर तुमच्या फर्मचं नाव काळ्या यादीत जाईल."

ती घरी आली ती रडवेली होऊन. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आत्या मध्येच म्हणाली, "घाल की दोन खांब! झाकली मूठ राहील."

"पोरी," बाबा म्हणाले, "लोखंड पुरतं घातलंयस ना?"

"काडीभरही कमी नाही, बाबा."

"मग खांब घातलास तर काय कबूल केल्यासारखं होईल?"

चिमीने डोळे पुसले. "चोरी. माझीही... आणि त्यांचीही."

"ह्म्म. 'त्यांचीही'," बाबांनी आत्याकडे पाहून भुवई उडवली.

दुसऱ्या दिवशी चिमीने साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, "खांब घालणार नाही. स्लॅबवर वजन ठेवून चाचणी घ्या. उघड, सगळ्यांसमोर. तपासनीस बाहेरचा आणा. शेठनाही बोलवा."

"एवढं वजन आणायचं कुठून?" साहेब कुरकुरले.

कोपऱ्यात बसलेल्या अग्निशमन प्रमुखबाई गडगडाटी हसल्या. "पाणी चालेल ना? आमच्याकडे दुसरं आहे काय!"

झालं! स्लॅबच्या कडेने विटांचा बांध घातला गेला. बंबांच्या नळ्या वर चढल्या आणि पाण्याचे फवारे उडाले. बघता बघता स्लॅबवर तळंच झालं. खाली तपासनीसांनी सुईची यंत्रं लावली होती. प्रत्येक स्लॅब वजनाने किंचित वाकतोच. खरी परीक्षा पुढे, पाणी काढल्यावर तो पुन्हा वर येतो की नाही.

पाणी दिवसभर ठेवायचं होतं. कुंपणाच्या जाळीपलीकडे नकाशेवाला सकाळपासून उभा होता. बंदी साइटवर होती, रस्त्यावर नव्हती. तिने लांबूनच मान हलवली. त्याने छातीवर हात ठेवला... बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. शेठ पांढरेशुभ्र बूट घालून आला, आणि पाणी सोडायच्या पाइपाखालीच ऐटीत उभा राहिला.

"शेठ, जरा बाजूला —" मुकादमकाका म्हणेपर्यंत पाण्याचा लोट आला. शेठ नखशिखांत भिजला. मजुरांनी तोंडं फिरवली, पण खांदे गदगदत होते.

आता सगळे सुईकडे पाहू लागले. सुई हलेना. मग सुई थरथरली... सरकली... मागे, आणखी मागे... आणि तपासनीसांनी चष्मा कपाळावर चढवला.

"जवळजवळ पूर्ण परत आला," ते म्हणाले. "असा स्लॅब मी फार कमी पाहिलाय. लोखंड कमी? छे! कुणी लिहिली ही तक्रार?"

सगळ्या माना शेठकडे वळल्या. तो बूट पचपचवत गाडीत जाऊन बसला. साहेबांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की तक्रार खोटी ठरली, दोघांवर कसलाही ठपका नाही. मजुरांनी घमेली बडवून एकच कल्लोळ केला. बाबा देवाघरी गेलेल्या बायकोच्या नावाने वर बघून काहीतरी पुटपुटले, आणि मग काठी बाजूला टाकून त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

पण लेक जागेवर होती कुठे? ती चिखल तुडवत थेट फाटकाकडे धावली होती.

"झालं!" ती जाळीला धरून धापा टाकत म्हणाली. "निर्दोष! उद्यापासून या परत देखरेखीला."

"नाही येणार," तो म्हणाला. "सकाळीच अर्ज दिलाय. या कामावर आता दुसरा आर्किटेक्ट येईल."

"का पण? जिंकलो ना आपण!"

"म्हणूनच. आता माझी सही तुमच्या कामावर चालत नाही..." तो जाळीजवळ सरकला. "आता विचारतो. म्हणजे... मी... तुम्हाला..."

एवढा हजरजबाबी माणूस, आणि जीभ टाळूला चिकटलेली! चिमीने क्षणभर वाट पाहिली. मग तिला राहवेना.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. "खूप. चल, आता तुझं सांग."

तिचं ते 'तू' ऐकून तो इतका हसला, की डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्याशिवाय मला घर कसं असतं ते सुचतच नाही," तो म्हणाला. "सगळ्या जगाच्या इमारती काढतो मी... आणि माझं घर काढायला बसलो, की दारात तूच उभी दिसतेस."

जाळीतून त्याची बोटं तिच्या बोटांत गुंतली. मागे सगळी साइट टक लावून पाहत होती.

"साहेब, आत या की!" मुकादमकाका ओरडले. "आता कसली बंदी? तुम्ही तर घरचे झालात!"

"थांबा काका," चिमी म्हणाली, आणि जड लोखंडी कडी दोन्ही हातांनी ओढून तिने स्वतःच फाटक उघडलं.