पंडितआबांचा टाक

सोनगीरजवळच्या प्रयोगशाळेत नवलचं काम ठरलेलं होतं. धातूच्या पट्ट्या जाड पोलादी भांड्यात ठेवायच्या, हवेच्या दोनशे पट दाबाने हायड्रोजन भरायचा, भांडं जाड भिंतींच्या खोलीत ठेवायचं आणि बाहेर यायचं. मग पाण्याखाली ठेवलेला किरणोत्सारी कोबाल्ट वर येई, आणि तीन दिवस भांड्यावर गॅमा किरणं पडत. पट्टी दिसायला होती तशीच राही, पण हायड्रोजन आत मुरला की बोटांत कट्‌कन मोडे. त्या आवाजाची नवलला इतकी सवय, की घरी कुणी पापड मोडला तरी तो मान वर करी.

या खेपेला प्रयोगशाळेच्या प्रमुख हेमांगी मॅडमना चांदीचा एक तुकडा कमी पडला. तो नवलच्या खिशात होता. देवघरातला टाक, त्याच्या वडिलांचा, पंडितआबांचा, ते गेल्यावर त्यांच्या नावाने घडवलेला. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर घोडेस्वार. इतकी वर्षं पुसून पुसून स्वाराचं तोंड पार सपाट झालेलं. असा झिजलेला टाक वाहत्या पाण्यात सोडायची रीत. आई, कमलबाई, रोज मागे लागायची, "आबाना टाक तापीमा सोडी ये रे भाऊ. घरमा नको ठेवू."

पण आबांसाठी तापीपर्यंत जायचं नवलच्या जिवावर आलं होतं. शेती सोडून नोकरी धरली म्हणून या माणसाने आठ वर्षं अबोला धरला, आणि मरताना तोंड उघडलं ते एवढ्यासाठी: "तुनं काहीच टिकाव नही."

"जुनी चांदी आहे, मॅडम. चालेल?"

"चालेल की. पण धड परत मिळणार नाही हं, नवलभाऊ."

"मोडली तर बरंच."

त्याला घोर होता तो एकाच गोष्टीचा, लेक ममताचा. गेल्या वर्षी हायवेवर स्कूटी घसरून तिची मांडी मोडली. आत पोलादी सळई घातली. आता कुठे पोरगी काठीशिवाय चालायला लागली होती, आणि आखाजीच्या सणानंतर तिचं लग्न होतं.

चौथ्या दिवशी दुपारी भांडं उघडलं. निकेलच्या, पोलादाच्या पट्ट्या धरताच मोडल्या. त्यात नवीन काहीच नव्हतं. टाक मात्र वाकेचना. नवलने तो पक्कडीत धरून दाबला, तर पक्कडच मोडली.

मॅडम हसल्या. मग टाकाकडे बघून त्यांचं हसू गेलं. "यावर चेहरा होता?"

स्वाराला आता नाक होतं, जाड भुवया होत्या. ओठ घट्ट मिटलेले, जेवणावरून उठून जाताना आबांचे असायचे तसे.

मॅडमनी किरणं मोजायचं यंत्र त्यावर धरलं. काटा हलला नाही. "काही नाहीये यात," त्या म्हणाल्या, आणि दोन पावलं मागे सरकल्या. "पण माझ्या टेबलावर नको. घेऊन जा."

आता नवलला तापी आठवली. मोटरसायकलची किल्ली कुलपातच मोडली. तो धावतपळत स्टँडवर आला, तापीवरून जाणारी शिरपूरची गाडी बघत कठड्याला टेकला. कठड्याचा पाइप कट्‌ झाला.

हातातल्या पाइपाच्या तुकड्याकडे बघताना त्याला ममताच्या मांडीतली सळई आठवली.

अरे देवा! बरं, ती घरी आहे. धुळ्याला. वीस किलोमीटर लांब.

समोर धुळ्याची बस थांबली. डबा घेऊन ममता उतरली. एकटी, काठीशिवाय, चेहरा नुसता फुललेला.

"पप्पा! बघा, एकटी आले!"

टाक फेकायला त्याने खिशात हात घातला. मूठ मिटली ती उघडेना.

"तिथंच थांब! येऊ नको इकडे!"

तिला ती थट्टाच वाटली. ती रस्ता ओलांडू लागली.

नवल वळला आणि जीव खाऊन उलट्या दिशेने पळाला.

"अहो पप्पा, थांबा ना!" मागे तिचं हसू, चपलांची फटफट. कित्येक महिन्यांनी पोरगी पळत होती. जवळ येत होती.

कट्‌.

चपला थांबल्या. नवलला मागे वळून बघवेना.

"पप्पा," ममताने विचारलं, "काय मोडलं?"