बाशिंग्याचा कान

एका म्हाताऱ्या बैलामागं अर्जुनरावांना काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. त्यांच्या नव्या गोशाळेतली जनावरं एकोणपन्नासाची पन्नास होणार होती. पन्नास भरली की रविवारी उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. एकोणपन्नासावर ते गाडीतून उतरत नसत. पाहुण्यांशेजारी खुर्ची मिळणार होती. आणि धारूरच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स लागणार होता, त्यावर गाईच्या गळ्यात हात टाकून हसणारे अर्जुनराव. फ्लेक्स तर छापूनही आला होता! जनावर तेवढं एक कमी पडत होतं.

आणि खडकवाडीच्या करिष्माचं काय जाणार होतं? तिचे आजोबा.

म्हणजे आजोबा कुठं पळून जाणार नव्हते. शहादेव आबांना पळता कुठं येत होतं! भाद्रपदात त्यांना अर्धांगाचा झटका आला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, "गाल फुगवा, फुंकर मारा, ओठांचा चंबू करा. रोज!" आबांनी डॉक्टरांसाठी फुंकर मारली नाही, मुलासाठी नाही, नातीसाठीही नाही. मारली ती बाशिंग्यासाठी.

बाशिंग्या हा घरचा सोळा वर्षांचा बैल. इकडं बैलाला पाणी पाजताना धनी शीळ घालतो, आणि बाशिंग्या तर आबांच्या शिळेशिवाय पाण्याला तोंडच लावायचा नाही. हौदाशी उभा राहून तो आबांकडं बघायचा. बघतच राहायचा! शेवटी आबांनी ओठ जुळवले. आधी नुसती हवा, मग थुंकी, मग महिन्याभरानं वाकडीतिकडी का होईना, शीळ. शिळेमागून शब्द येऊ लागले. "पी." "बास." "करी." करी म्हणजे करिष्मा!

भाऊबीज झाली आणि करिष्माचे आईबाप तरण्या बैलांची जोडी घेऊन ऊसतोडीला गेले. निघताना तिचा बाप, अजिनाथ, म्हणाला, "बाशिंग्या हाय तवर आबाचं औषध हाय. संभाळ."

आणि बुधवारी बाशिंग्या पाझर तलावाकडून चरून परतलाच नाही!

गुरुवारी आबांनी भाकरी बाजूला सारली. शुक्रवारी ते भिंतीकडं तोंड करून बसले. करिष्मानं हाक मारली तरी "करी" आलं नाही. एकेक करून आलेले शब्द एकेक करून परत निघाले होते.

"म्हातारा बैल! गेला आसंल डोंगरात मरायला," शेजारचे राधाकिशन मामा पान लावत म्हणाले. "बरं झालं की, वैरण वाचली!"

करिष्माची कानशिलं तापली. "मामा, तुमी बी म्हातारेच हाव! तुमची भाकरी वाचवायची का?"

मामांचा चुना पानाऐवजी बोटालाच लागला.

"चल!" तिच्या मैत्रिणीनं, योगितानं, तिचा हात ओढला. योगिता तेरा वर्षांची, करिष्मापेक्षा वर्षानं मोठी आणि जिभेनं दहा वर्षांनी. बरोबर तिचा धाकटा भाऊ जीवन. सहामाही परीक्षेत नापास होऊनही सुट्टीवर आपलाच पहिला हक्क आहे, असं त्याचं म्हणणं.

तलावाच्या भरावावर बैलाचे खूर होते, आणि खुरांच्या शेजारी चाकांचे वण! तिथं खूर संपले होते.

"बैल काय उडून गेला काय बे?" जीवन म्हणाला.

"गाडीत चढवला, येड्या! अन् हे बघ." योगितानं चिमूटभर करडी भुकटी उचलली. "ही माती न्हाई. परळीच्या वीजकेंद्राची राख हाय, वीटभट्टीवर टाकत्यात ती."

"राखेची गाडी पंचक्रोशीत एकच," जीवन म्हणाला. "अर्जुनरावांची! बजरंगकाका चालवतो."

अर्जुनराव म्हणजे ज्यांच्यासमोर मामांसारखे लोक तोंडातलं पान थुंकून उभे राहतात! करिष्माला मात्र भीती वाटली नाही. इतका राग आला होता, की भीतीला बसायला जागाच उरली नव्हती.

शनिवारी तीन वह्या आणि एक मोबाईल घेऊन तिघं सायकलींवर गोशाळेच्या फाटकात हजर.

"कावून आलाव?" बजरंग गुरकावला. डोळ्यांवर काळा चष्मा, बोटात गाडीची किल्ली गरगर फिरत.

"सुट्टीचा प्रकल्प हाय, काका," योगिता लाडात म्हणाली. "विषय, गोशाळेची आदर्श व्यवस्था. व्यवस्था म्हंजे तुमीच ना?"

बजरंग अर्धा फूट उंच झाला. "मंग! समदं मीच बगतो. या, या!"

हौदाजवळच बाशिंग्या उभा होता. शिंगांना निळा रंग, अंगाला तेल, उजव्या कानात कोरा पिवळा बिल्ला. आणि डावा कान... डावा कान मधोमध फाटला होता! सरकारी नंबराचा जुना बिल्ला कुणीतरी ओढून काढला होता. जखमेवर माशा बसल्या होत्या.

करिष्मानं मुठी आवळल्या. नखं तळव्यात रुतली.

"ह्यो एक लई नाटकी," बजरंग म्हणाला. "तीन दिवस झाले, पाण्याला नीट तोंड लावंना! उद्या पाव्हण्यांसमोर आडवा झाला म्हंजे माझी पंचाईत."

जीवननं मोठ्या ऐटीत शीळ घातली. बैलानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग करिष्मा पुढं झाली. तिनं आबांसारखं तोंड वाकडं केलं आणि आबांसारखीच शीळ घातली. दोनदा नुसती हवा, मग एक लांब, थरथरती. बाशिंग्यानं कान हलवला, हौदात तोंड घातलं, आणि जो प्याला, जो प्याला!

"आयला!" बजरंग ओरडला. "पोरी, उद्या बी येशील का?"

"येणार की," करिष्मा म्हणाली. "उद्या तर येणारच!"

योगिताचं लक्ष भलतीकडंच होतं. बजरंगच्या किल्लीला मळका पिवळा बिल्ला लटकत होता. बैलाच्या कानातून ओरबाडलेला बिल्ला ह्या शहाण्यानं किल्लीला अडकवला होता, सापडायला सोपी म्हणून!

"काका, वहीत लावायला एक फोटू! गाडीपाशी उभं ऱ्हावा. किल्ली जरा वर धरा, मालक दिसताव बघा!"

मालक दिसायचं म्हटल्यावर बजरंगनं किल्ली थेट छातीशी धरली. बिल्ल्यावरचे बाराही आकडे फोटोत स्वच्छ आले.

रविवारी मांडव सजला. जनावरांच्या डॉक्टर धनश्री मॅडम बिल्ले तपासत पन्नास मोजत होत्या. करिष्मानं मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला. "मॅडम, हा नंबर कुणाचा हाय, बघता का?"

मॅडमनी आपल्या मोबाईलवर आकडे टाकले. "बैल, वय सोळा. मालक शहादेव... खडकवाडी. हा बिल्ला किल्लीला कसा?"

अर्जुनराव हसत हसत पुढं आले. "अहो मॅडम, मोकाट हिंडत होता. आम्ही आश्रय दिला! आणि पोरी, माझ्याकडं ढेप खाईल तो. तुझ्या घरी काय हाय खायला?"

"खाईल! पण तो तुमच्याकडं पीत न्हाई!" करिष्माचा आवाज मांडवभर गेला. "अन् माझा आबा त्याच्याबिगर बोलत न्हाई! तुमाला फोटूसाठी पन्नासावं जनावर पायजे व्हतं. आमच्या दारात ऱ्हायलेलं एकच, ते बी नेलंव!"

तेवढ्यात फाटकात मोटारसायकल थांबली. राधाकिशन मामा चालवत होते, मधे आबा, आणि मागून आबांना कवेत धरून जीवन. मामांना कसं तयार केलं, ते जीवननं कधीच सांगितलं नाही.

आबा काठी टेकत आले. त्यांनी बैलाच्या कानाला हात लावला. बोटांना रक्त लागलं. वाकडं तोंड थरथरलं, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. शीळ नाही आली.

"अर्जुन्या..." आबा म्हणाले. "कान... कुणी... फाडला बे?"

गेल्या वीस वर्षांत अर्जुनरावांना अर्जुन्या कुणी म्हटलं नव्हतं! नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. काचेआडून त्यांनी मॅडमना पंचनामा लिहिताना पाहिलं, आणि गाडी आल्या वाटेनं वळली.

मॅडमनी जखम धुतली. "शाबास पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"मॅडम, कान जुळंल का?" करिष्मानं विचारलं.

"जखम भरेल. फाटलेलं जुळत नाही, बाळा."

मग ह्याची किंमत कुणी काय भरली? अर्जुनरावांचं उद्घाटन महिनाभर पुढं गेलं. फ्लेक्स घडी घालून ठेवला आहे, तारीख तेवढी बदलायची. बजरंगचं काम गेलं. "मालकांनीच सांगितलं व्हतं," असं तो सगळ्यांना सांगत फिरला, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. मामांनी आणि गावातल्या मोठ्यांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. त्यात त्यांचं काहीच गेलं नाही. आबांचे जमवलेले शब्द पाच दिवसांत गेले. त्या एका वाक्यानंतर ते पुन्हा नुसत्या हवेपासून सुरुवात करताहेत, रोज सकाळी, हौदाशी. आणि डावा कान, अर्धा. तो बाशिंग्यानं भरला, जो कुणाचं काहीच देणं लागत नव्हता.