तरोटीनं दिलेली ओ

एसटी घाटात बंद पडली. भाद्रपदातलं कोवळं ऊन होतं. उतारू खाली उतरले, आणि कडेच्या पिवळ्या फुलांशी उभ्या असलेल्या प्रतिमाला मागून कुणीतरी विचारलं,

"बाई, हे कायचं फूल आहे?"

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, काखेत फायली आणि डोळ्यांत खोडी.

"मला नाही माहीत."

"वऱ्हाडातल्या असून तरोटा माहीत नाही? कमाल आहे बाप्पा!"

ती कानापर्यंत लाल झाली. माहीत नसायला काय झालं? बारशाला कानात सांगितलेलं तिचं नावच मुळी तरोटी होतं!

तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. ही झाली, तेव्हा केसरबाई आत्यानं बजावलं, "गोड नाव ठेवलं का नजर लागते. तरोटा कोनी पेरत नाही, ढोरं तोंड लावत नाहीत, तरी जागोजाग उगवते. हिचं नाव तरोटी." आणि पोर खरंच जगली. पुढे गुरुजींनी शाळेच्या पटावर 'प्रतिमा' लिहिलं. मास्तरीण व्हायला ती सोनाळ्याहून बुलढाण्याला आली, तेव्हा तरोटीला गावच्या वेशीवरच सोडून आली.

खोडकर डोळ्यांचा तो डोणगावचा नीळकंठ, बुलढाण्यातल्या एका कचेरीत कारकून. घाटातली ओळख तिथेच थोडी थांबणार? दर रविवारी तो वाचनालयाच्या पायरीवर योगायोगानं भेटू लागला. हे योगायोग तो चांगले इस्त्रीचे कपडे घालून घडवून आणायचा.

"तुमी एवढं शुद्ध बोलता... मले वाटते रेडिओच सुरू आहे."

"मग बंद करू का रेडिओ?"

"नाही बाप्पा! मी तर आठवडाभर याच वेळेची वाट पाहून राह्यलो."

ती हसायची, पदराच्या टोकाला उगीच पीळ द्यायची. एकदा तो हळूच म्हणाला, "आमच्यात लग्नात बायकोचं नाव बदलतात... पन मी नाही बदलणार. प्रतिमा — किती चांगलं नाव आहे!"

तिनं पटकन विषय बदलला. याला खरं कळलं, तर हा हसेल. हसला, तर संपलंच सगळं.

दिवाळीच्या तोंडावर दोघं स्टँडवर बोलत उभी होती. सोनाळ्याकडची गाडी आली, आणि दारातूनच खणखणीत हाक आली —

"तरोटे! अवं तरोटे!"

डोक्यावर गाठोडं घेतलेली आत्या! प्रतिमानं ओ दिली नाही. मान फिरवली.

"कोन आहेत?" नीळकंठानं विचारलं.

"ती... आमच्या शेतावर कामाला येते. काहीतरीच बोलते."

आत्या तोवर दोन हातांवर येऊन ठेपली होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं. मग नीळकंठाला म्हणाली, "हाव भाऊ, कामालेच असतो मी. प्रतिमाबाईच्या मायनं लाडू धाडले." आणि आल्या गाडीनंच परत निघून गेली.

लाडू आत्यानंच वळले होते. प्रत्येकावर तिच्या बोटांचे ठसे होते.

प्रतिमा बाकावर बसली आणि ढसाढसा रडली. रडता रडता तिनं नीळकंठाला सगळं सांगितलं — बारसं, तीन भावंडं, तरोटी. तो हसला नाही. हसला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"नावाचं काही नाही," तो म्हणाला. "पन आत्याले कामवाली म्हनलं तुमी..."

"मला माझीच लाज वाटते."

"मग मले काऊन सांगता? सोनाळ्याले जा."

ती गेली. आत्याचे पाय धरले. आत्या भाकरी थापत होती. "काय झालं वं? मले तं काईच आयकू आलं नाही," ती म्हणाली, आणि वर न पाहता भाकरी तव्यावर टाकली. आत्या माफी मागूच देईना! लाज प्रतिमाच्या मनात तशीच राहिली, घासागणिक टोचत राहिली.

उन्हाळ्यात नीळकंठाशीच लग्न झालं. डोणगावच्या घरात तांदळाचं ताट समोर आलं. नवरा त्यात अंगठीनं नवरीचं नाव लिहिणार होता. पाठराखीण म्हणून आलेली आत्या दाराशी अंग चोरून बसली होती. नीळकंठानं तिलाच विचारलं,

"आत्या, काय नाव लिहू?"

"प्रतिमाच लिवा जावईबापू. त्या दुसऱ्या नावाचं काम झालं... पोर जगली. टाकून द्या आता थे."

"मी टाकलं होतं आत्या," नवरी म्हणाली. "एकदा. स्टँडवर. तुले आयकू आलं होतं."

तिनं नवऱ्याच्या हातातून अंगठी घेतली. सासू "अवं, अवं" म्हणेपर्यंत तिनं स्वतःच तांदळात तीन अक्षरं ओढली. नीळकंठानं ती मोठ्यानं वाचली आणि बायकोकडे असं पाहिलं, की भर मांडवातही ती एवढी लाजली नव्हती.

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मग, खरं वाटेना म्हणून की काय, हळूच हाक मारून पाहिली —

"तरोटे...?"

"ओ, आत्या!" ती म्हणाली, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी.