मसुद्यावरचं कुंकू

"अरे देवा... हळू!"

माझ्या कानाशी कुणीतरी इतक्या कळवळून म्हणालं, की हातातलं पुस्तक सुटलंच. ते जमिनीवर पडायच्या आत त्यानं झेललं — तान्हं मूल झेलावं तसं, दोन्ही हातांनी.

दिल्लीतल्या दर्यागंजच्या फुटपाथवरचा रविवारचा पुस्तकबाजार. आईसाठी मोठ्या टाइपातली पोथी शोधताना मी वरचं एक जाडजूड पुस्तक नुसत्या पुठ्ठ्याला धरून उचललं होतं.

"मराठी आहात?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. अनोळखी माणसाशी मी कधी आपणहून बोलत नाही.

"घाबरल्यावर तरी आहे," तो हसला. "ऑफिसात हिंदी, बसमध्ये हिंदी. पण देवाला हाक मराठीतच जाते."

मग त्यानं ते पुस्तक विकत घेतलं आणि मला दाखवलं. संविधानाचा मसुदा होता तो. लोकांनी वाचून सूचना पाठवाव्यात म्हणून अठ्ठेचाळीस साली छापलेला. "म्हणजे बघा, अजून काहीच ठरलेलं नव्हतं," तो म्हणाला, "सगळा देश नुसता विचारात होता." बोलताना त्याचे डोळे असे चमकले, की मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

हेरंब त्याचं नाव. गुडगावला नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, राहायचा मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत. बरोबरीची मुलं पगारातून मोटारसायकली घेत होती. हा मात्र राज्यघटनांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचा — संस्थानांच्या घटना, जुने कायदे, समित्यांचे अहवाल. पण खोलीच्या भिंतीला ओल आली. तोवर आमच्या घरी त्याची ओळख झाली होती; बाबांना ते कळताच ते म्हणाले, "आमच्याकडे नोएडात आणून ठेव की. नवीन घर आहे, कोरडं ठणठणीत."

अशी त्याची पुस्तकं आमच्या कपाटात आली. आणि त्यांच्या निमित्तानं तो. दर शनिवारी.

"आज काय? चतुर्थी, प्रदोष, की आणखी काही?"

"शनिवार."

"म्हणजे साबुदाणा?"

"भगर."

"वाचलो यार! मागच्या वेळची खिचडी अजून दाताला चिकटलीय."

"मग कशाला मागून घेतलीत दुसऱ्यांदा?"

"वाढणारं माणूस बघून," तो हळूच म्हणायचा. आणि मी आत पळायची. माझे नेम त्याला पाठ झाले होते. सकाळचा जप, संध्याकाळचं निरांजन, जेवताना मौन. चेष्टा करायचा, पण मी जपाला बसले की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. ते मला कळायचं... माळ ओढताना मणी चुकायचा.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते. इकडे आपट्याची पानं मिळत नाहीत, आई कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची, वाटते. पण पूजेत काही कमी पडू देत नाही. पाटावर बाबांच्या फायली, माझी पुस्तकं, पोथ्या. मी कपाट उघडलं आणि हेरंबचा मसुदाही आणून ठेवला. देवघरात त्याचंही काहीतरी असावं, असं वाटलं.

सगळ्या पुस्तकांना मी वरूनच बोट लावलं. त्या एकाच पुस्तकाचं मात्र... पहिलं पान उघडलं. ओलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि डोळे मिटून अगदी मध्यभागी टेकवलं.

डोळे उघडले तेव्हा जुना कागद ते कुंकू पिऊन टाकत होता. घाबरून मी पदरानं टिपलं. डाग पसरला. ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर तो मागच्या पानावर उतरला.

त्या पुस्तकाला हात लावण्यापूर्वी तो हात धुऊन, पुसून, वर वाळवायचा. आणि मी!

शनिवारी बेल वाजली. मी देवघरात जाऊन बसले. "पूजेला बसलीय," आई म्हणाली. मंगळवारी त्याचा फोन आला. "पूजेला बसलीय." पुढच्या शनिवारीही तेच. समोर समई, हातात माळ, आणि तोंडात एकही नाव नाही. इतकी वर्षं मी देवाजवळ बसले, पण देवाआड लपले ते पहिल्यांदाच. पुस्तकाच्या डागापेक्षा त्याचीच लाज जास्त जाळत होती.

त्यानंतरच्या शनिवारी तो आला तेव्हा बाहेरून आवाज आला, "काकू, इतकी पूजा! देवाला जरा मोकळा श्वास तरी घेऊ द्या."

आई देवघराच्या दारात आली. हलकेच म्हणाली, "आता मी खोटं बोलणार नाही हं, नीरजा," आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी कपाटातून पुस्तक काढलं. त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, पहिलं पान उघडलं आणि भिंतीकडे बघत उभी राहिले.

कडेनं, अगदी नखाच्या टोकानं, त्यानं ते पान उलटलं. मागचा डाग पाहिला. त्याचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, खूप उतरला.

"हे जात नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. माझी चूक आहे... मी तोंड लपवलं, ती त्याहून मोठी."

"पुस्तकाचं वाईट वाटलंच." तो थांबला. "पण मी काय समजत होतो, माहितीय? की तुम्हाला मी इथे यायला नकोय. आज पुस्तकं घेऊन जायला आलो होतो. खाली टॅक्सी उभी आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक विचारू?" त्याचा आवाज आता मऊ होता. "पूजा वरूनही होते ना? बाकी सगळ्या पुस्तकांना वरूनच लावलं असणार. मग हे एकच का उघडलं?"

जेवताना पाळते ते मौन किती सोपं असतं, ते त्या क्षणी कळलं.

"विद्या मागितली नव्हती मी," शेवटी पुटपुटले.

"मग?"

"नका ना विचारू... लाज वाटते."

तो एक पाऊल पुढे आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तुम्ही' आलं नाही.

"नीरजा, काय मागितलंस?"

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबूड एकाएकी थांबली. आई ऐकत होती. देवघर उघडं होतं, समई तेवत होती, आणि आता आड लपायला काहीच उरलं नव्हतं. कानशिलं तापली. मान वर होईना. पण शब्द आला, स्वच्छ, सगळ्या घराला ऐकू जाईल असा —

"तुम्हाला."

तो वळला, बाल्कनीत गेला आणि वाकून ओरडला, "भैया, आप जाओ! सामान नहीं जाएगा."