सड्यावर उभी

गंगेला मी चालत गेले, एकटी गेले आणि नवऱ्याच्या अस्थी घेऊन गेले. यातलं काहीच बाईने करायचं नसतं, असं तेव्हा लोक म्हणत. म्हणोत. दिवा जरा पुढे सरकवा, सांगते.

साल एकतीस असेल. आमचं गाव लांज्याजवळ. माझे घरधनी भागोजी मुंबईला गिरणीत होते, तिथेच तापाने गेले. आगबोटीतून त्यांच्या अस्थींचं मडकं आलं. धाकटे दीर महिपत भावजी यांनी ते फडक्यात बांधून परसातल्या फणसाला टांगलं. अस्थी भुईला टेकवायच्या नसतात. टेकल्या तर मेलेला माणूस तिथेच अडकतो. दसऱ्याला नेतो, शिमग्यानंतर नेतो, असं करत भावजींनी वर्ष काढलं. मी रोज त्या गाठोड्याखालून पाणी भरत होते.

वैशाखात खबर आली, राजापूरची गंगा आली. ही गंगा जमिनीतून न सांगता वर येते आणि न सांगता जाते. मी पहाटेच गाठोडं सोडवलं.

भावजी आडवे आले. "राही वयनी, बायकांनी न्यायचं नसतं."

"मग तुमी चला."

"माझं घर शाकारायचं हाय."

"शाकारा."

तेव्हा त्यांनी भीती घातली. "ओणी गावाफुडच्या सड्यावर झाड नाय. गाठोडं टांगशील कुठं? तिथं एक बाय उभी असते. तिच्याकडं असंच गाठोडं हाय. जरा धर म्हनते. धरलं तर तिच्या जागी तूच उभी ऱ्हाशील."

मी चालू लागले.

सड्यावर, त्या उघड्या माळावर, पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काळा कातळ तव्यासारखा तापलेला, करपलेल्या गवताचा वास. हात भरून आला होता, पण टेकवायला जागा नव्हती. थोड्या वेळाने पक्षी ओरडायचे थांबले. माझ्या पावलांचा आवाजही मला ऐकू येईना.

ती वाटेतच उभी होती. माझ्याच वयाची, ओठ फुटलेले, छातीशी गाठोडं. तिच्या अंगाला भिजल्या मातीचा वास येत होता. त्या उन्हात...

"बाय, एवढं धर गं," ती हळूच म्हणाली. "जरा टेकते."

मी विचारलं, "कधीची उभी हायस?"

"मागल्या गंगेपासून... का त्याच्या मागल्या... आठवत नाय."

"कुनाच्या अस्थी?"

"घरधन्याच्या. कोन नेईना..."

खरं सांगते, मी भ्याले. पण त्याहून जास्त मला राग आला. आपला माणूस पोचवायला निघाली, तर तिला जन्माची उभी करणारा हा कुठला न्याय?

"आन इकडं," मी म्हटलं.

गाठोडं बर्फासारखं गार होतं. ती मटकन खाली बसली, डोळे मिटले, आणि मी पाऊल उचलायला गेले तर उचलेना. तळवे कातळाने धरले होते. गारवा गुडघ्यापर्यंत चढला.

"उभं ऱ्हायला मला येळ नाय," मी मोठ्याने म्हटलं. "गंगा जाईल."

आणि जीव खाऊन पाय ओढला. ओलं लुगडं अंगावरून सोलावं तसं काहीतरी माझ्यापासून सुटलं. मागे वळून पाहिलं नाही. दोन हातांत दोन गाठोडी घेऊन मी राजापूर गाठलं. गंगा वाहत होती. कुंडावर अंघोळ केली आणि खालच्या व्हाळाच्या वाहत्या पाण्यात आधी भागोजींना सोडलं, मग त्या दुसऱ्याला. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मात्र मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी परतताना एका गाडीवानाने खालच्या रस्त्याने आणून सोडलं. भावजी ओटीवर बसले होते. मला पाहून ते उठलेच नाहीत.

"वयनी... तू कुठनं आलीस?"

"गंगेवरनं."

"काल मी तुला आडवायला सड्यावर आलो हुतो. उन्हं कलली हुती. तू उभी हुतीस... दोनी हात फुडं करून. हाका मारल्या. तू नुसती बघत ऱ्हायलीस."

काल उन्हं कलली तेव्हा मी व्हाळाच्या पाण्यात उभी होते.

त्या सड्यावरून जाणारे लोक अजून सांगतात, तिथे एक बाई उभी असते. हात रिकामे, आणि तोंडावळा माझा. मी म्हातारी झाले, ती झाली नाही म्हणतात. तुम्ही उद्या त्याच वाटेने जाणार ना? दिसली तर भिऊ नका. तिला सांगा, राही पोचली, भागोजीही पोचले. आता घरी ये म्हणावं.

मी दाराला कडी लावत नाही.