रिकाम्या पट्ट्याचं वजन

वडीगोद्रीहून कारखान्याच्या फाट्याला वळलं की आधी मळीचा वास येतो, मग धुराडं दिसतं, आणि मग उसाच्या ट्रकांची अशी रांग लागते की माणसाने उतरून पायी चालू लागावं. केशव मूळचा जुन्या जालन्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी आणि कारकुनी; यंत्राला हात लावणारा हा पहिलाच. बायको अरुंधती जालन्यातच शाळेत शिकवायची, म्हणून हंगामभर हा कॉलनीतल्या खोलीत एकटा राहायचा आणि स्वतःच्या हातची करपलेली खिचडी खाऊन कारखान्याला नावं ठेवायचा.

१९९७ सालच्या त्या हंगामात कारखान्याने बॉयलरवर नवं ऑटोमॅटिक बसवलं होतं. ऊस पिळून उरलेला भुसा एका लांब रबरी पट्ट्यावरून चढत जातो आणि बॉयलरच्या तोंडात पडतो. पूर्वी किती भुसा सोडायचा नि किती हवा द्यायची हे माणसं आगीकडे बघून ठरवायची. आता पट्ट्याखाली दोन काटे बसले होते, एक खाली चढणीपाशी, दुसरा वर बॉयलरपाशी. काट्यांनी वजन सांगायचं, यंत्राने त्या हिशेबाने हवा सोडायची. माणसांची बदली इकडे तिकडे झाली, यंत्राची देखभाल केशवकडे आली आणि पट्ट्यावर एकटा भुजंग राहिला.

भुजंग कालव्याकाठच्या एका वस्तीवरचा. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. त्याची बायको शिवकन्या डबा देताना केशवच्या वाटणीची एक भाकरी जास्त टाकायची, कारण साहेबाच्या खिचडीची कीर्ती वस्तीपर्यंत पोचली होती. दोघं यंत्राच्या पॅनेलच्या खोलीत दार लावून जेवायचे. साहेब आणि कामगार असं म्हणायला होतं, एरवी ती सरळ मैत्री होती. केशवला या कारखान्यात जीव लावावा असं दुसरं माणूस नव्हतं.

दर पाळीला एक रिवाज असायचा. पट्टा रिकामा फिरवायचा, दोन्ही काट्यांवर शून्य आलं की मगच भुसा सोडायचा. कुठे ओला भुसा चिकटून काटा थोडं वजन दाखवत असेल तर बटण दाबून त्याला शून्यावर आणायचं. याला सगळे झिरो मारणं म्हणायचे. जे आहे ते नाही असं धर, एवढंच यंत्राला सांगायचं असे. दोन्ही शून्यं दिसल्याशिवाय यंत्र ऑटोवर जायचंच नाही, आणि तोवर गिरणी थांबून राहायची.

संक्रांत होऊन गेली आणि एका सकाळी रिकाम्या पट्ट्यावर खालच्या काट्याने एकाहत्तर किलो दाखवले. पट्टा फिरत होता. काटा क्षणभर एकाहत्तरवर राहिला आणि शून्यावर आला. केशव म्हणाला, भुसा अडकला असेल. तेवढ्यात वरच्या काट्याने एकाहत्तर दाखवले. मग तोही शून्यावर आला, पण मध्येच वजन दिसल्यामुळे यंत्र बराच वेळ ऑटोवर जाईना.

केशवने दोन्ही काटे काढून पुसले. वायरी बदलल्या. पट्ट्याखालचे रोलर हाताने फिरवून पाहिले. पुण्याहून कंपनीचा माणूस आला, हवेत दमटपणा आहे म्हणाला आणि जेवून गेला. मराठवाड्यातला माघ महिना, ओठ फुटत होते, आणि हा दमटपणा म्हणत होता! केशवला दुसरंच खटकत होतं. बिघाड एका जागी असतो, तो चालत नाही. हे मात्र खालून वर जात होतं, पट्ट्याच्याच वेगाने, आणि वरच्या काट्यापलीकडे बॉयलरशिवाय काही नव्हतं.

त्याने मग यंत्राकडे न बघता पट्ट्याकडे बघायचं ठरवलं. सकाळची पाळी होती. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा पट्ट्यावर पडल्या होत्या. भुजंगने पट्टा चालू केला. काळं रबर रोलरांवरून ताणलेलं, मोकळं वर सरकत होतं. आणि मग चढणीपाशी ते खाली दबलं. रोलर आणि रोलर यांच्यामध्ये पट्ट्याला झोळ पडला, माणूस बाजेवर आडवा झाल्यावर पडतो तसा. तो झोळ वर आला, त्यांच्यासमोरून गेला, पुढे गेला. पट्ट्यावरची बारीक धूळ जागची हलली नव्हती. वर, पॅनेलच्या काचेआड कागदावर वाफेचा दाब लिहिणारी पेन्सिल किंचित चढली. रिकाम्या पट्ट्यावर वाफ चढत नाही.

“साहेब,” भुजंग म्हणाला, “कोनी पडून राह्यलंय त्यावर.”

दोघांनी मिळून जुन्या लोकांना विचारलं. पट्ट्यावरून कधी कोणी गेलं होतं का, बॉयलरपाशी कोणाला काही झालं होतं का. कारखाना सुरू झाल्यापासून कोणीही नाही. केशवला हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मेलेल्या माणसाचं एक वेळ समजलं असतं.

मग भुजंगलाच ते सुचलं. साखरेच्या गोदामात पोती तोलायचा मोठा काटा होता. जेवणाच्या सुट्टीत हा गंमत म्हणून त्यावर उभा राहिला आणि हसतच सांगत आला, एकाहत्तर भरलो म्हणून. केशवही हसला. कारखान्यात एकाहत्तर किलोची माणसं पोत्याने सापडतील, असं काहीतरी तो बोलला.

पुढच्या आठवड्यात पट्ट्याने अडुसष्ट दाखवले.

केशवने भुजंगकडे पाहिलं. त्याचा शर्ट खांद्यावर सैल झाला होता. ताप नव्हता, खोकला नव्हता, भूक नेहमीसारखी होती. केशवने त्याला काही न सांगता गोदामात नेलं आणि काट्यावर उभं केलं. अडुसष्ट. त्यानंतर कोणी हसलं नाही.

केशवने करता येईल ते सगळं केलं. भुजंगची बदली नदीवरच्या पंपावर करून घेतली, म्हणजे पट्ट्यापासून दूर. पट्ट्याने पासष्ट दाखवले. भुजंगला रजा देऊन घरी बसवलं, अंबडच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि टॉनिक दिलं. पट्ट्याने साठ दाखवले. रिकामा पट्टा फिरवणंच बंद करून पाहिलं, तर यंत्र ऑटोवर जाईना आणि भुजंग वाळायचा थांबेना. भुशाखालूनही ते जातच असणार. प्रत्येक पाळीला थोडा भुजंग आगीत जात होता, आणि वाफेची पेन्सिल कागदावर तेवढीच वर चढत होती. हे कोणाला सांगणार? अरुंधतीला सांगायला म्हणून तो एकदा जालन्याला गेला आणि चहा पिऊन परत आला.

चीफ इंजिनिअर नरहर सरांचा सगळा जीव गिरणीत. माणूस म्हणून वाईट नव्हते ते, पण त्यांच्या खिडकीखाली ट्रकांची रांग फाट्यापर्यंत गेली होती, ऊस वाळत होता, शेतकरी रोज येऊन टेबलापाशी उभे राहत होते. त्यांनी केशवला बोलावलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भुजंगचा भाग सोडून, कारण तो केशवने सांगितलाच नाही.

“ते काय आहे हे मला शोधायचं नाही,” नरहर सर म्हणाले. “ते काट्यावर आलं की पट्टा थांबव आणि झिरो मार. उद्या सकाळच्या पाळीला यंत्र ऑटोवर पाहिजे.”

केशवने रात्रभर विचार केला. भुजंगचं वजन यंत्राने मोजायचंच सोडलं, तर ते घेऊन जायचंही सोडेल, असं त्याने स्वतःला पटवलं. माणूस घाबरला की असलं काहीही पटतं. पण भुजंगला विचारल्याशिवाय करायचं नाही, एवढं त्याने ठरवलं आणि उजाडताच त्याला वस्तीवरून घेऊन आला. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस त्याला जाणवत होता, कमी, पण जाणवत होता.

पॅनेलच्या खोलीत भुजंगने सगळं ऐकलं. गालाची हाडं वर आली होती, डोळे मात्र तेच.

“मारा झिरो,” तो म्हणाला. “रोज रोज वाळण्यापरीस सुटन तरी एकदाचं.”

“भुजंग, काय होईल ते मला माहीत नाही.”

“मला तरी कुठं म्हाईत हाय. पर तुमी माराल तर बराबर माराल.”

पट्टा सुरू झाला.

खालच्या काट्यावर आकडा आला आणि गेला. ते वर येऊ लागलं. केशव पॅनेलपाशी उभा होता, काचेतून त्याला पट्ट्याचा वरचा भाग दिसत होता. वरच्या काट्यावर आकडा आला. सत्तावन्न.

त्याने पट्टा थांबवला.

मोटरीचा आवाज विरला. बॉयलरची घरघर तेवढी राहिली. पट्ट्याला झोळ पडलेला होता आणि तो झोळ स्थिर नव्हता. अगदी थोडा वर होत होता, थोडा खाली.

भुजंग बाहेर गेला आणि त्या झोळाशेजारी उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि मागे घेतला.

“श्वास घेऊन राह्यलंय,” तो म्हणाला.

केशवचं बोट बटणावर होतं. भुजंगने त्याच्याकडे बघून होकाराची मान डोलावली.

केशवने बटण दाबलं.

सत्तावन्नचं शून्य झालं. पट्टा हळूहळू वर उचलला गेला आणि ताणून सरळ झाला.

भुजंगने उंबऱ्यावरून आत पाऊल टाकलं आणि म्हणाला, हलकं वाटतंय. केशवला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

त्यानंतर यंत्र एकदाही अडलं नाही. रांग कमी झाली. नरहर सरांनी पेढे वाटले. भुजंग पुन्हा अंगाने भरला, शर्ट बसू लागला, आवाज आला. केशव सुखाने झोपू लागला. होळीच्या आधी भुजंगने शेताच्या कामासाठी रजा टाकली तेव्हा त्याला शंकाही आली नाही.

मग शिवकन्या कॉलनीत आली. दीड वर्षाची लेक कडेवर, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली.

“भाऊ, तुमी काय केलं ते मला ह्यांनी सांगितलं,” ती म्हणाली. “मी भांडायला न्हाई आले. जेवतेत, झोपतेत, पोरीसंगं खेळतेत. पर बाजेवर बसले तर बाज वाजत न्हाई. रात्री कूस बदलली तर मला कळत न्हाई. माणूस बाजूला हाय का न्हाई ते हात लावून बघावं लागतं.”

केशव तसाच कारखान्यात गेला. काट्यावर मारलेला झिरो त्याने काढून टाकला, जुनी शून्यं परत भरली, रिकामा पट्टा चालवला. काट्यांवर शून्य होतं. पट्टा सरळ, ताणलेला, मोकळा गेला. दुपारच्या पाळीला पुन्हा चालवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तो पट्ट्यापाशी उभा राहून झोळाची वाट बघत होता, आणि ज्याची इतके दिवस भीती वाटली ते यावं म्हणून मनातल्या मनात विनवत होता. काही आलं नाही. नरहर सरांनी विचारलं, आता काय बिघडलं? तो म्हणाला, काही नाही, सगळं ठीक आहे.

शेवटी तो भुजंगच्या शेतावर गेला. भर दुपार. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि भुजंग खोडव्याच्या उसाला पाणी देत होता. शिवकन्या बांधावर लेकीला घेऊन बसली होती. केशव दिसताच भुजंगने फावडं बांधाला टेकवलं आणि ओला वाफा ओलांडून समोर आला. तो हसत होता. चांगला दिसत होता, पूर्वीसारखा.

केशवने खाली पाहिलं. नुकतंच पाणी प्यालेला तो चिखल गुळगुळीत होता, आणि भुजंग चालून आल्यावरही तसाच गुळगुळीत होता.

“पट्टा रिकामा येतोय,” केशव म्हणाला. “मी सगळं परत लावून पाहिलं. आता काहीच येत नाही.”

भुजंगने ते ऐकून घेतलं. रागावला असता तर केशवला बरं वाटलं असतं.

“मंग गेलं कुठं?” त्याने विचारलं.

बांधावरून थोडा वारा आला तसा भुजंगने पटकन लिंबाची फांदी धरली. वारा पडेपर्यंत त्याने ती सोडली नाही. मग ओशाळं हसून म्हणाला, चैत्रात लई वारं सुटतं आमच्याकडं.

शिवकन्येने लेक त्याच्याकडे दिली. त्याने तिला खांद्यावर बसवलं, तिचे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरले, आणि दुसऱ्या टोकाचं पाणी बघायला म्हणून तो वाफ्यातून परत निघाला.

या वेळी मागे पावलं उमटत गेली. मोठी, मर्दानी, पाची बोटं स्पष्ट. खोल मात्र दीड वर्षाच्या पोरीएवढीच.