सहाव्या जागेवरचा फ्यूज

आमच्या जुन्या फियाटला प्लास्टिकचे फ्यूज चालत नाहीत. तिला लागते बोटाच्या पेराएवढी चिनी मातीची कांडी, टोकं निमुळती, अंगावर पत्र्याची पातळ पट्टी. पांढरी आठ अँपिअरची, लाल सोळाची. करंट वाढला की पट्टी वितळते आणि पुढचं सगळं वाचतं. फ्यूज जळण्यासाठीच असतो, हे मी भूपेंद्रला लग्नापासून सांगत आले. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. त्याच्या लेखी त्याचा उपयोग पोरीला अंक शिकवण्यापुरता.

गाडी माझ्या सासऱ्यांची. सडक अर्जुनीत आमचं खत-बियाण्यांचं दुकान बरं चालतं, नवी घेता आली असती. "बाबाची निशाणी आहे," यापुढे भूपेंद्रचं बोलणं जात नाही.

खुशी चार वर्षांची आहे. तिला दमा. धानाची मळणी सुरू झाली की हवेत तूस तरंगतं आणि तिच्या छातीत शिट्टी वाजू लागते. पंपाने भागलं नाही तर गोंदियाचे डॉक्टर. कोहमाऱ्याहून वळायचं, मुरदोलीचं जंगल, मग गोरेगाव. सव्वा तास.

दिवाळीनंतर त्या जंगलात तिचे ओठ निळसर झाले. मी तिला मांडीवर घेऊन श्वास मोजत होते. डॅशबोर्डखाली टक् असा बारीक आवाज झाला. खुशीने लांब श्वास घेतला आणि पाणी मागितलं. शिट्टी थांबली होती. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, आणलंत कशाला?

दुसऱ्या दिवशी कवडू मिस्त्रीने फ्यूजची पेटी उघडली. लाइट, हॉर्न, वायपर सगळं चालू होतं. तरी आठातला सहावा काळा पडला होता.

"याच्या मांगं तारच नाही जी वैनी," तो म्हणाला. "ही जागा खालीच आहे. करंटच नाही त जळंल कसा?"

मी वाकून पाहिलं. खरंच काही जोडलेलं नव्हतं.

त्याच्याकडचा शेवटचा पांढरा फ्यूज बसवताना तो थांबला. "तुमच्या सासऱ्यानं, रामलालभाऊनं, इथं तांब्याची तार बांधली होती. सुशिलाबाई गेल्यावर मीच काढली."

सुशिलाबाई माझ्या सासूबाई. त्यांनाही दमा होता. त्या याच गाडीत, मुरदोलीच्या आसपास गेल्या, हे मला शेजारणीने सांगितलं. घरात तो विषय निघत नाही.

डिसेंबरात पुन्हा तेच. तोच रस्ता, तोच आवाज, तोच फ्यूज. दोनदा घडलं म्हणून नियम होत नाही, एवढं मला कळतं. तरी मी खुशीला कडेवर घेऊन गोंदियाचा बाजार पालथा घातला. सात दुकानं. "मैडम, ये अब कौन रखता है? तार लपेट लो." शेवटी एका म्हाताऱ्याने माळ्यावरून धुळीने माखलेला डबा काढला. त्यात दोनच पांढरे.

"लाल ले जाओ. जल्दी जलेगा नहीं."

"जलना चाहिए," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुशीकडे. दोन्ही पांढरे कागदात बांधून दिले.

त्यातला एक जानेवारीत जळला. खुशी वाचली. उरलेला मी स्वतः बसवला आणि रोज सकाळी टॉर्च मारून पाहू लागले.

"काऊन त्या पेटीत डोकं घालून राहिली?" भूपेंद्र म्हणायचा. "लोकं हसून राहिले. औषधानं बरी होते ते."

"शेवटचा आहे. हात लावू नका."

"इंजिनियर बाई," तो म्हणाला.

फेब्रुवारीत, भर सकाळी, मी पेटी पाहायच्या आतच खुशीचा श्वास पुन्हा अडकला. पंप दोनदा दिला. निघालो. कोहमारा मागे पडला, दोन्हीकडे साग सुरू झाले. मी डॅशबोर्डकडे कान लावून बसले होते.

"कायले घाबरते?" भूपेंद्र म्हणाला. "पहाटेच त्याच्यावर तार बांधली मी. आता तुझा फ्यूज जन्मात जळत नाही."



मी म्हणाले, "अहो, गाडी थांबवा."

"जंगलात? येडी झाली का?"

मी खुशीला एका हाताने धरून वाकले, पेटीचं झाकण ओढलं. तांब्याची तार, चार वेढे, पक्कडीने पिळलेली. बोटं भाजली. तार सुटेना.

"थांबवा!"

"पोचतोच आता."

खुशीने माझी ओढणी मुठीत धरली होती.

टक् असा बारीक आवाज झाला.

पेटी माझ्या हाताखाली होती. आवाज तिथून आला नव्हता. माझ्या मांडीवरून आला होता.

ओढणी सैल झाली.

"पाहा," भूपेंद्र रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "थांबली ना शिट्टी?"